ओट्यावर आलेलं ड्रिल

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला 1917 मध्ये मिळालं. किचनएडचा पीठ-क्रीम फेटायचा पहिला घरगुती मिक्सर 1919 मध्ये बाजारात आला. वजन जवळजवळ तीस किलो. दोन वर्षांच्या अंतराची ही भावंडंच म्हणायची. वायरवालं साधं ड्रिल आणि साधा हँड मिक्सर उघडून आजही शेजारी ठेवले, तर आत बहुधा एकाच जातीची मोटर निघते: कार्बन ब्रशवाली, पुढे दोन-चार गिअर, मागे थंड करणारा पंखा. तेव्हा क्रीम फेटायला कुणी ड्रिल उचललं तर त्याला वेड्यात काढायचं कारण नाही. फक्त मिक्सर बनवणाऱ्यानं काही गोष्टी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात: किती वेगानं फिरायचं, किती जोर लावायचा, भांड्यात वरून काय गळता कामा नये. ड्रिल वापरायचं तर हे सगळं ठरवणं आपल्या गळ्यात येतं.

सगळ्यात आधी वेग. दोन गिअरच्या बॅटरीवरच्या ड्रिलला 1 नंबरवर मिनिटाला साधारण 400 ते 500 आणि 2 नंबरवर 1500च्या आसपास फेरे मिळतात. पण पदार्थाला फेऱ्यांशी देणंघेणं नसतं, त्याला लागतो तो फेटणाऱ्या तारेच्या टोकाचा वेग. सात सेंटीमीटर व्यासाचा व्हिस्क, म्हणजे तारांचं फेटणं, 1500 फेऱ्यांवर फिरला की तारेचं टोक सेकंदाला साडेपाच मीटर धावतं. 400 वर जेमतेम दीड मीटर. साडेपाच मीटरला पातळ क्रीम भिंतीवर जातं, आणि अंड्याच्या पांढऱ्यात मोठमोठे, पाच मिनिटांत बसून जाणारे बुडबुडे भरतात. म्हणून सुरुवात नेहमी पहिल्या गिअरवर, ट्रिगर अर्धाच दाबून.

क्रीमचं उदाहरण घेऊ, कारण ड्रिल जिथे खरोखर उपयोगी पडतं आणि जिथे घात करतं ती दोन्ही ठिकाणं त्यात आहेत. पस्तीस टक्के चरबीचं अडीचशे मिली क्रीम, फ्रिजमधून काढलेलं, चार-पाच अंशांचं. भांडं खोल आणि तेही गार. क्रीम दहा अंशांच्या वर गेलं किंवा चरबी तीस टक्क्यांच्या खाली असली, तर यंत्र कितीही दमदार असो, नीट फुगत नाही. फेटताना चरबीचे कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. हे अर्धवटपण टिकवणं हीच सगळी कला. कण पूर्ण एकत्र आले की भांड्यात लोणी आणि ताक. हातानं फेटताना या दोन अवस्थांमध्ये चांगला मिनिटभर असतो, मनगट जड होत जातं आणि तेच सांगतं की आता पुरे. ड्रिलच्या मुठीला तो जडपणा कळतच नाही; ज्या मोटरीनं लाकडात स्क्रू बसवायचा तिला क्रीम घट्ट झालं काय नि पातळ राहिलं काय, सारखंच. म्हणून व्हिस्कच्या रेघा उमटून टिकायला लागल्या की ड्रिल बाजूला ठेवायचं आणि शेवटचे दहा-पंधरा फटके हातानं मारायचे. वेळ वाचायचा तो तोवर वाचलेला असतो.

हँड मिक्सरला दोन पाती का असतात, हे ड्रिल वापरेपर्यंत लक्षात येत नाही. ती उलटसुलट फिरतात, त्यामुळे एकाचा रेटा दुसरं खोडून काढतं, भांडं जागेवर राहतं आणि मधल्या फटीत पदार्थ चिरडला जातो. ड्रिलला एकच पातं. ते भांड्याच्या मधोमध धरलं तर सगळा पदार्थ त्याच्याबरोबर भोवऱ्यासारखा फिरतो, मिसळत काहीच नाही, आणि तळाशी पिठाची गाठ तशीच. उपाय सोपा आहे: पातं मध्यापासून एका बाजूला आणि थोडं तिरपं धरायचं, भांड्याखाली ओलं फडकं घालायचं, आणि दर काही सेकंदांनी जागा बदलायची.

मग जोर. 18 व्होल्टच्या बऱ्याच ड्रिलवर 50 न्यूटन मीटर किंवा त्याहून जास्त टॉर्क लिहिलेला असतो. तीस सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला सतरा किलो टांगल्यावर जी पिळवट बसते, ती ही. पातं अडकलं तर एवढी ताकद भांड्याला किंवा मनगटाला फिरवते. यावर ड्रिलमध्येच एक तोड आहे आणि स्वयंपाकात ती कुणी वापरत नाही: पातं धरणाऱ्या तोंडाच्या, म्हणजे चकाच्या, मागचं आकडेवालं कडं, म्हणजे क्लच. ते 3 ते 5 वर ठेवलं की ठरलेल्या जोरापलीकडे ड्रिल नुसतं कटकट आवाज करतं आणि पातं थांबतं. कडं ड्रिलच्या चित्रावर असेल तर क्लच बाद झालेला असतो. हातोडीच्या चित्राचा, म्हणजे ठोके मारत भोक पाडायच्या सेटिंगचा, तर भांड्याशी संबंधच नको. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळायचं यंत्र, दिसायला लहान आणि हलका असल्यानं मोह होतो, पण अडथळा आला की तो आतून ठोके मारायला लागतो. तारेचा व्हिस्क त्यात डाखापासून तुटतो.

पाव-ब्रेडचं पीठ मळायला ड्रिल वापरू नये, असं स्पष्टच सांगितलेलं बरं. कारण जोर कमी पडतो हे नव्हे. मोटरीचा पंखा मोटरीच्याच दांड्यावर असतो. कमी वेग आणि जास्त भार म्हणजे वीज भरपूर ओढली जाते आणि वारा मात्र मंदावतो. पाचशे ग्रॅम मैदा आणि सव्वातीनशे ग्रॅम पाणी यांचा घट्ट गोळा आठ-दहा मिनिटं मळायचा म्हणजे मोटर भाजून काढायची. जळका वास आला तर थांबून रिकामं ड्रिल पूर्ण वेगानं मिनिटभर फिरवायचं, म्हणजे निदान वारा आत जातो. दुसरं असं की पीठ मळायचा एकटा हुक एकाच जागी फिरला की पीठ त्याच्यावर वेलीसारखं चढतं आणि चकापर्यंत पोचतं. 1908 मध्ये होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरनं एका बेकरला लोखंडी चमच्यानं पीठ ढवळताना पाहिलं आणि तिथून मिक्सरचा विचार सुरू केला. 1914 पर्यंत ऐंशी क्वार्टचा, म्हणजे साधारण पंचाहत्तर लिटरचा, मिक्सर तयार झाला. त्या यंत्रांच्या घराण्यातली युक्ती मोटरीपेक्षा चालीत आहे: पातं स्वतःभोवती एका दिशेनं फिरतं आणि भांड्याभोवती उलट दिशेनं. ग्रहांसारखी ती चाल माणसाच्या हाताला देता येत नाही.

पीठ-पाणी नुसतं एकत्र आणायला मात्र ड्रिल उत्तम, तीस सेकंदांचं काम. मग झाकून अर्धा तास ठेवायचं. ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, स्वतःच जुळायला लागतं, आणि त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासानं तीन-चार घड्या घातल्या की मळण्याचं बरंचसं काम झालेलं असतं. त्याहून आळशी रस्ता हवा असेल तर पाचशे ग्रॅम मैदा, पावणेचारशे ते चारशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि एक ग्रॅम कोरडं यीस्ट कालवून बारा ते अठरा तास झाकून ठेवावं. मळण्यातला सगळ्यात मोठा शॉर्टकट हाच, आणि त्याला प्लग लागत नाही. केकच्या मिश्रणात उलट भीती: लोणी-साखर फेसायला यंत्र ठीक, पण मैदा पडला की दहा-पंधरा सेकंद, बस. पुढे फिरवलं की केकमध्ये उभी लांबट भोकं पडतात आणि तो चिवट होतो.

भांड्यात काय जातं हा प्रश्न वेगापेक्षा गंभीर आहे, आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. ड्रिलचं तोंड खाली धरलं की गिअरबॉक्सचं ग्रीस गरम होऊन चकातून झिरपू शकतं. चकाच्या जबड्यात आधीच्या कामाचा लोखंडाचा, सिमेंटचा, लाकडाचा भुगा असतो. त्यासाठी दांड्यावर, चकाच्या खाली, सिलिकॉनची किंवा जाड प्लॅस्टिकची मधोमध भोक पाडलेली चकती सरकवायची. गळेल ते तिच्यावर. उलट बाजूनं पीठही वर उडतं आणि हवेच्या जाळीतून मोटरीत जातं, म्हणून पीठ आधी पाण्यात चमच्यानं भिजवून मग ड्रिल लावावं.

पात्यांबद्दल तर कडक राहावं. रंग ढवळायचा दांडा नवाकोरा असला तरी तो बऱ्याचदा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. लिंबाचा रस, व्हिनेगर, टोमॅटो, आंबलेलं पीठ, यातलं काहीही त्याला लागलं की जस्त विरघळून पदार्थात उतरतं. स्टेनलेस स्टीलचा, 304 ग्रेडचा दांडा घ्यावा आणि त्याचे जोड बघावेत. वेल्डिंगमध्ये फटी असतील तर तिथे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही. एकदा रंगात बुडालेला दांडा कितीही घासला तरी स्वयंपाकघरात आणायचा नाही. दांडा षटकोनी असला तर तीन जबड्यांचा चक त्याला घट्ट धरतो. गुळगुळीत गोल दांडा भारात घसरतो आणि त्याच्यावरून धातूचा चुरा निघतो.

रंगवाल्यांच्या दांड्यांतली एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. पिळाच्या दिशेनुसार काही दांडे माल तळातून वर उचलतात, काही वरून खाली दाबतात. घट्ट मालाला पहिला, पातळाला दुसरा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दहा लिटर मिठाचं पाणी किंवा बादलीभर पातळ मिश्रण करायचं असेल तर खाली दाबणारा दांडा पाच मिनिटांचं काम एका मिनिटात करतो. आणि तेल वर तरंगलेली शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी! हातानं ढवळायला गेलं की तेल मनगटावर येतं. हँड मिक्सरचं एकच पातं चकात लावून, तळापर्यंत नेऊन, मग ट्रिगर हलकेच दाबायचा. बाहेर काढतानाही आधी थांबायचं, मग उचलायचं. ड्रिलनं स्वयंपाकघरात एवढं एकच काम केलं तरी त्याचं येणं सार्थकी लागलं असं म्हणता येईल.

हँडल फिरवून चालणारी यंत्रं हा ड्रिलचा दुसरा हक्काचा प्रांत. पास्त्याचं रोलर यंत्र, धान्य दळायचं हातयंत्र, सफरचंद सोलायचं यंत्र. हाताचा वेग मिनिटाला साठेक फेरे असतो आणि आतले गिअर, त्यांचे प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे दांडे ज्यांत फिरतात त्या कड्या, सगळं त्याच हिशोबानं बनवलेलं असतं. ड्रिल ऐंशीच्या पुढे नेलं की पट्टी रोलरला चिकटून फाटते, आणि काही महिन्यांत बुश झिजून एका बाजूची पट्टी जाड, दुसरी पातळ निघायला लागते. आधी रिकामं फिरवून दिशा तपासायची, बाह्या वर, केस बांधलेले. कॉफीच्या हातग्राइंडरला किंवा मिरीच्या गिरणीला ड्रिल लावताना शंभर-सव्वाशे फेरे पुरेत. दाणे संपले की लगेच थांबायचं, नाहीतर दळणाऱ्या चाती एकमेकांवर घासून पुडीत पोलाद दळून मिळतं.

बटाटा ड्रिलच्या लांब बिटवर, म्हणजे भोक पाडायच्या सळईवर, खोचून, ड्रिल फिरवत, सोलाणं टेकवून सोलायचा प्रकार बघायला भारी आहे. दहा सेकंदांत बटाटा सोलून होतो. पण बिट धुणं, भिंत पुसणं आणि सालीबरोबर गेलेला गर जमेस धरला, तर चार बटाट्यांसाठी हा उद्योग कुणी का करावा कळत नाही. भोक पाडायच्या गोल करवतीनं सफरचंदाचा गाभा काढणं त्याच पंगतीतलं: त्या करवतीचे दात गंजणारे, अंगावर रंग, आणि गाभा आत असा ठोकून बसतो की तो काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो. कार्यशाळेतून स्वयंपाकघरात येऊन खरोखर कायमचं राहिलेलं हत्यार बिनमोटरचं आहे. 1994 मध्ये कॅनडातल्या ओटावात लोरेन ली यांनी संत्र्याच्या केकसाठी साल किसताना जुनी किसणी बाजूला ठेवली आणि पतीच्या हत्यारांच्या दुकानातली लाकूड तासायची नवी कानस उचलली. साल भुरूभुरू पडली, खालचा कडू पांढरा थर जागेवर राहिला. तीच आजची मायक्रोप्लेन किसणी.

आता उष्णता. गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन म्हणजे मोठा हेअर ड्रायर असं समजून लोक फसतात. तोंडाशी 500 ते 600 अंश तापमान सहज मिळतं, त्यात सिलिकॉनचे साचे टिकत नाहीत आणि नॉनस्टिकचा लेप 260 अंशांपुढे विघटित होऊ लागतो. जुना रंग काढायला वापरलेली हीट गन तर अन्नाजवळ आणूच नये. त्या रंगात शिसं असू शकतं आणि तो तोंडाला जळून चिकटलेला असतो. पण नवी, कमी सेटिंगवरची हीट गन चॉकलेटसाठी फार गुणाची. डार्क चॉकलेट 31-32 अंशांवर कामाला घ्यायचं असतं. ते 29 वर येऊन घट्ट व्हायला लागलं की पुन्हा गरम पाण्यावर ठेवण्यात धोका: वाफेचा एक थेंब आत गेला तरी गठ्ठा होतो. हीट गननं पाणी येत नाही. वीस सेंटीमीटरवरून, भांड्याच्या बाहेरच्या अंगाला, दोन-तीन सेकंदांचे झोत. प्रत्येक झोतानंतर ढवळायचं आणि थर्मामीटर बघायचा. 34च्या वर गेलं की हवे ते स्फटिक वितळले, टेम्परिंग, म्हणजे हवे ते स्फटिक धरायला चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवणं-निववणं, पहिल्यापासून. फुटलेलं बटरक्रीम सावरायलाही हीच रीत. लोणी फार गार राहिल्यानं ते दाणेदार झालेलं असतं, धातूचं भांडं बाहेरून शेकलं आणि मिश्रण 20-22 अंशांवर आलं की आपोआप एकजीव होतं.

कस्टर्डवरच्या साखरेचं कवच मात्र हीट गनचं काम नाही. तिच्या वाऱ्यानं साखर उडते आणि कवच होईपर्यंत खालचं कस्टर्ड शिजून फुटतं. तिथे ज्योतीची, गॅसवरची टॉर्च. साखर 160-170 अंशांना रंग धरते आणि 190च्या पुढे कडवट होते. टॉर्चची ज्योत हजार अंशांच्या कितीतरी वर, म्हणजे चुकायला सेकंदभर पुरतो. एक जाड थर देण्याऐवजी एक चमचा साखरेचे दोन पातळ थर, एकामागून एक. ज्योत आठ-दहा सेंटीमीटरवर, सतत फिरती. ती पदार्थापासून दूर पेटवायची आणि निळी स्थिर झाल्यावरच जवळ आणायची. पिवळी ज्योत म्हणजे न जळलेला गॅस, आणि त्याचा वास पदार्थाला लागतो. टॉर्चचा गॅसचा डबा तिरका केला की द्रव गॅस तोंडाशी येऊन ज्योत पिवळी भडकते, म्हणून नव्यानं पेटवलेली टॉर्च फार वाकवू नये.

लाकूड घासायच्या सँडरचा उपयोग ऐकून हसू येईल. घासकागद काढलेला ऑर्बिटल, म्हणजे बारीक गोल-गोल हलणारा, सँडर चॉकलेटच्या साच्याखालच्या ट्रेला पंधरा-वीस सेकंद टेकवला की बारीक थरथरीनं बुडबुडे वर येऊन फुटतात. ट्रे ओट्यावर आपटण्यापेक्षा हे पुष्कळ शांत आणि एकसारखं. हीच थरथर स्पंज केकच्या घोळाला दिली तर अंड्यात भरलेली हवा सगळी बाहेर, आणि केकऐवजी चकती.

फवारायच्या बंदुकीनं केकवर मखमली थर द्यायचा असेल तर चॉकलेट आणि कोको बटर समान वजनानं घ्यायचं, वितळवून गाळायचं आणि 40-45 अंशांवर ठेवायचं. केक उणे 18 अंशांवर गोठलेला, अंतर वीस ते तीस सेंटीमीटर. गोठलेल्या केकला लागताच थेंब जागच्या जागी थिजतात, म्हणून मखमल दिसते. केक नुसता गार असेल तर ओघळ. बंदूक आधी गरम केलेली हवी, नाहीतर कोको बटर नळीतच गोठून झोत तुटक येतो. बंदुकीला हवा देणारा कॉम्प्रेसर बिनतेलाचाच. चारही बाजूंना मोठं खोकं उभं करावं, कारण हवेत उडालेली ती चरबी फरशीवर बसते आणि दुसऱ्या दिवशी पाय घसरल्यावर कळते. बंदूक धुताना आधी कोमट तेल फवारून नळी मोकळी करायची, मग गरम साबणपाणी, मग सगळे भाग सुटे करून पूर्ण वाळवायचे.

ड्रिलचं आवरणं त्यामानानं सोपं. चक खाली करून दोनदा उघड-मीट, कोरड्या ब्रशनं जबडे साफ, अंगावरून ओलं फडकं; नळाखाली धरायचं नाही. स्वयंपाकाची पाती वेगळ्या डब्यात, त्यांच्या दांड्याला रंगीत टेप, म्हणजे सिमेंट कालवणारा ती चुकून नेत नाही. आणि व्हिस्कला लागलेलं क्रीम चाटायची घाई असेल तर आधी बॅटरी बाहेर.